खांद्यावरची हळद

१

उद्धवरावाला मी ओळखलं ते त्याच्या बैलावरून.

सत्त्याऐंशी सालच्या पोळ्याची कर होती. आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या माझ्या किराणा दुकानात सकाळी तेलुगू पेपर आला. पहिल्याच पानावर फोटो. पुढे चादरीखाली झाकलेलं प्रेत, मागे बंदुका धरून उभे पोलीस, बाजूला एक गाडी आणि दोन बैल. खाली मजकूर असा, की काल पोळ्याच्या दिवशी भीमपूरकडच्या जंगलात चकमक झाली. बैलगाडीतून स्फोटकं नेणाऱ्या नक्षलवाद्यानं पोलिसांवर गोळी झाडली, पोलिसांनी उलट झाडली, तो मेला, दोन साथीदार पळाले. चादरीखालचा माणूस कोण, हे पेपरवाल्याला ठाऊक नव्हतं. मला डावीकडच्या बैलाचं वाकडं शिंग दिसलं आणि हातातला तराजू हातातच राहिला. तो ढवळ्या होता. दर बाजाराला तो माझ्या दारात उभा राहायचा आणि त्याचा मालक भाजी विकून झाली की माझ्याकडून तेल-मीठ न्यायचा.

आणखी एक गोष्ट खटकली, पण तेव्हा तिचा अर्थ लागला नाही. पोळ्याचा फोटो, आणि बैलांची शिंगं कोरी. ना रंग, ना गोंडा.

दुपारी उद्धवरावाची बायको द्वारकाबाई आली. ओट्यावर बसली, पण रडली नाही. प्रेत तिला दाखवलंच नव्हतं. बंदोबस्ताचं कारण सांगून पोलिसांनीच परस्पर जाळलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"भाऊ," ती म्हणाली, "पेपरात लिवलं, ते पोळ्याच्या दिवशी गाडी घेऊन जाऊन राह्यले होते. पन त्यायले त आदल्या दिवशीच, दिवे लागल्यावर जीपमंदी बसवून नेलं होतं. माह्या डोळ्यापुढं."

२

अशा कामाला आदिलाबादेत एकच माणूस, सुधाकरराव वकील. पण त्यांच्याकडे जायला मी कचरत होतो.

सुधाकरराव म्हणजे आमचे "व्हाइट हाउसवाले वकील". पूर्वी सरकारी वकील होते. कम्युनिस्ट म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कम्युनिस्टांना कसे पाणी पाजतात, हे ते रेडिओवरच्या अमेरिकेच्या हिंदी बातम्यांत ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात बसून मला ऐकवायचे. मी साखर मोजत हुं हुं करायचो. त्या उन्हाळ्यापासून मात्र ते जरा गप्प होते. तिकडे चौकशी चालू होती. राष्ट्राध्यक्षांच्या माणसांनी शस्त्रं गुपचूप विकली, पैसा परदेशातल्या कम्युनिस्टविरोधी बंडखोरांकडे वळवला, कागद फाडले, आणि विचारलं तर म्हणाले, देशाच्या सुरक्षेसाठी. "शत्रू मोठा असला की थोडी डोळेझाक करावी लागते," असं सुधाकरराव म्हणत, पण पूर्वीच्या जोरानं नाही.

त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला उद्धवरावाच्या गावच्या शाळेत त्यांचं भाषण झालं होतं. मीही टाळ्या वाजवायला गेलो होतो. "अन्नालोकांना भाकरी देणारा देशाच्या शत्रूला भाकरी देतो," ते कडाडले होते. "त्याचं नाव सांगायला भिऊ नका. सांगणाराचंही भलं होईल, सुधारणाराचंही." जंगलातल्या नक्षलवाद्यांना आमच्याकडे अन्नालोकच म्हणतात, तेलुगूत अन्ना म्हणजे थोरला भाऊ. ते बंदूक घेऊन दारात आले की भाकरी कोण देत नाही, हे काही मी तेव्हा उठून विचारलं नाही.

द्वारकाबाईचं ऐकून ते आधी ताठच बसले.

"बाई, पोलिसही जीव मुठीत धरून काम करतात. तुमच्या मालकाचं बाहेर काय चालत होतं, ते तुमाले सगळं माहीत असंल असं नाही."

"नसंल माहीत," द्वारकाबाई म्हणाली. "पन माह्या महिपतचं नाव नागपूरले मिल्ट्रीच्या भरतीत लागलं हाये. आता पोलिसचे लोक लिवून देतीन, नक्षलवाद्याचं पोरगं. बाप गेला तो गेला, वकीलसाहेब. पन ज्या देशासाठी पोरगं मराले निंगालं, त्या देशानं त्याच्या बापाले दुश्मन म्हनाव? कुंपनानंच शेत खाल्लं त मानसानं कोनाकडं जाव?"

सुधाकररावांनी काळा कोट घेतला आणि मला म्हणाले, "चला पांडुरंगराव. ठाण्यात जाऊन बैल पाहून येऊ."

ठाण्याचे फौजदार दूर समुद्राकाठच्या, पोळा नसलेल्या जिल्ह्यातले, तरुण, कामाला वाघ. जुने सरकारी वकील म्हणून त्यांनी चहा मागवला, पण पंचनामा मागताच चेहरा बंद झाला.

"सॉरी वकीलसाब. फाइल सीक्रेट है. देश की सुरक्षा का मामला."

"आदल्या दिवशी त्याला जीपमधून आणलं होतं म्हणतात?"

"झूठ. हमने उसको पहली बार जंगल में देखा. गाडी हाँकते हुए."

"पोळ्याच्या दिवशी?"

"तो क्या? नक्सलाइट कहीं त्योहार मानता है?"

सुधाकररावांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. पण निघताना ते टिनाच्या शेडखाली दोन्ही बाजूंनी लांब दोर लावून बांधलेल्या बैलांकडे वळले. दुरूनच त्यांनी ढवळ्याचा खांदा पाहिला, मग जोडीदार पवळ्याचा. तिथून गाडीकडे गेले आणि दांड्यापाशी वाकले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"पांडुरंगराव," ते हळूच म्हणाले, "आपलेच लोक खोटं बोलून राह्यले."

३

आम्ही रस्त्याला लागलो. सुधाकरराव एका पळसाखाली थांबले.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपल्याकडे काय करतात?"

"खांदशेकणी," मी म्हणालो. हे काय विचारणं झालं? वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सुजतो, म्हणून तो गरम पाण्यानं शेकायचा, लोणी-हळदीनं चोळायचा, आणि बैलाच्या कानात आवतन द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

"त्या दोघांच्या खांद्यावर लोणी-हळद अजून जशीच्या तशी आहे. बोटांचे वळसुद्धा दिसतात. फौजदार म्हणतो, पोळ्याच्या दिवशी गाडी हाकत होता. मान्य, नक्षलवादी सण पाळत नाही. पण जू तर सर्वांच्याच बैलाच्या खांद्यावर बसते ना? गावापासून जंगलापर्यंत जू घासलं असतं तर हळद राहिली असती?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे गाडीला बैल जुंपलेच नव्हते!"

"नव्हते. दांड्याला नव्या दोराचे करकोचे पडले आहेत. गाडी जीपला बांधून ओढत नेली. शिंगंही कोरी, म्हणजे पोळ्याच्या पहाटेच, धुवायच्या-रंगवायच्या आधी बैल गोठ्यातून गेले." ते थांबले. "चकमक झालीच नाही. माणसाला आदल्या दिवशी नेलं, मारलं, आणि भोवती गाडी-बैल मांडले."

मला वाटलं, उलगडा झाला. त्यांना तसं वाटत नव्हतं.

"एक गोष्ट बसत नाही. बैल होते, गाडी होती. मग जुंपले का नाहीत? जीपला गाडी बांधायचा खटाटोप कशासाठी?"

गावात एकच माणूस उद्धवरावाच्या वाईटावर होता, सागवानाचा ठेकेदार अमृतराव. त्याची चोरटी लाकडं उद्धवरावानं एकदा अडवली होती. आम्ही त्याच्या डेपोवर गेलो. तो पाय पसरून पान चघळत बसला होता.

"भांडन होतं, खोटं काऊन बोलू?" तो म्हणाला. "पन त्या दिवशी मी बायकोच्या माहेरी, यवतमाळकडं. इचारा कोनालेबी. अन् बैल मी नेले म्हनता? त्या ढवळ्याच्या वेसणीले घरचा सोडून कोनी हात लावला त पोट फाडते तो. पोलिसाची टोपी दिसली त दावं तोडते." त्यानं सदरा वर केला. बरगडीवर जुना व्रण होता. "हे त्याचंच देणं हाये. मले त्याचं काऊन नाव घेता?"

सुधाकरराव उठले. बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

"घरचा माणूस," ते म्हणाले. "महिपत तर नागपूरला डॉक्टरी तपासणीला गेला होता. द्वारकाबाई पहाटेच नवऱ्याची चौकशी करायला ठाण्यावर गेली होती. तिसरं कोण?"

तिसरा एकच होता, आणि मला त्याचं नाव घ्यायची इच्छा होईना.

४

बाबाराव हा उद्धवरावाचा धाकटा भाऊ. भिंतीला भिंत लागून घर, बांधाला बांध लागून शेत. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तो कपाशीत एकटाच निंदत होता. आम्हाला पाहून उभा राहिला, पण विळा हातातून सोडला नाही.

मला वाटलं सुधाकरराव विचारतील, तू होतास का तिथं? तसं नाही. ते बांधावर बसले आणि अगदी घरच्यासारखं म्हणाले,

"बाबाराव, तुमी जू काऊन नाही ठेवलं?"

विळा खाली पडला. बाबाराव बांधावर टेकला आणि तोंड झाकून घेतलं.

"पोळा होता ना, साहेब," तो म्हणाला. "पोळ्याच्या दिवशी कसं ठेवाव?"

मग तो बोलत गेला.

"अन्नालोक आले होते. भावानं भाकरी देली. माह्या घरून बी देली, पन मी भेलो. मी फौजदारले सांगतलं, भाऊ भाकरी देते, त्याले जरा दम द्या. मले वाटलं, दम देतीन, सोडून देतीन. पोळ्याच्या दिवशी झुंजुमुंजू झालं अन् जीप आली. म्हने गाडी-बैल घेऊन चाल, तुह्या भावाले सोडून राह्यलो, घरी घेऊन ये. मी खुशीनं बैल सोडले, साहेब. म्हटलं, नैवेद्याले भाऊ घरी राहीन. ते म्हनत, जुंप. म्या म्हटलं, आज नाही जुंपत. दोन लाथा मारल्या. म्या म्हटलं, मारा, पन जू नाही ठेवत. मंग त्यायनं जीपले गाडी बांधली अन् मी बैल धरून मागं चाललो."

"आणि तिथं?"

"भाऊ झाडाखाली बसला होता. हात बांधले होते. मले पायलं अन् हासला. त्याले वाटलं, मी त्याले घ्याले आलो." बाबारावानं पडलेला विळा दूर सारला. "म्हने, बाबा, ढवळ्याले पानी पाज, लय चालला असंल. म्या बैल झाडाले बांधले. मंग शिपाई म्हने, भाग. पानीबी पाजू देलं नाही. नाल्यापर्यंत आलो त आवाज आले."

वाऱ्यावर कपाशीची पानं हलत होती.

"फौजदाराकडं जायचं तुमच्या मनात कसं आलं?" सुधाकररावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी विचारला नसता तर बरं झालं असतं.

बाबारावानं डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"तुमीच सांगतलं होतं ना, साहेब. शाळेत. झेंड्याखाली. म्हटलं होतं, सांगनाराचं बी भलं होते, सुधारनाराचं बी."

५

त्यानंतर सुधाकरराव कितीतरी दिवस माझ्या दुकानात आले नाहीत. मीच गेलो तर बैठकीत एकटे बसलेले. मी मुद्दाम छेडलं, "काय म्हणते अमेरिका?" ते हसले नाहीत.

पण काम त्यांनी सोडलं नव्हतं. अर्जावर अर्ज करून त्यांनी दंडाधिकाऱ्याकडून चौकशी लावून घेतली होती. दरम्यान महिपतच्या भरतीचा कागद अडकलाच होता. पोलिसांच्या पडताळणीत वडील देशविरोधी, असा शेरा पडला होता. पोरगा घरात बोलत नव्हता. बाबारावाचं नाव कुठंच द्यायचं नाही, असं सुधाकररावांनी ठरवलं होतं. दिलं तर एकीकडून पोलीस, दुसरीकडून अन्नालोक त्याच्या जिवावर उठले असते. आणि मधे द्वारकाबाई, तिला अजून काही ठाऊक नव्हतं.

सुनावणीच्या थोडं आधी, थंडी पडायला लागली तेव्हा, त्यांनी मला बोलावून रेडिओ लावला. अमेरिकेतल्या चौकशीचा अहवाल आला होता. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षातल्या बहुतेकांनी वेगळा अहवाल लिहून वेगळी चूल मांडली, पण त्याच पक्षाच्या तीन सेनेटरांनी विरोधकांच्या बरोबरीनं त्या अहवालावर सह्या केल्या, असं बातम्या देणारा सांगत होता. सुधाकररावांनी रेडिओ बंद केला.

"त्या तिघांचा पक्ष बदलला नाही, पांडुरंगराव. कम्युनिस्ट त्यांना आजही आवडत नाहीत. मलाही आवडत नाहीत. पण आपल्या घरचं माणूस चुकलं तर आपण नाही तर कोण बोलणार? शत्रूनं बोललेलं कोण ऐकते?"

"तुम्ही तर बोलणारच आहात, वकील म्हणून."

"वकील म्हणून नाही," ते म्हणाले. "हळद मी पाहिली. साक्षीदार मी. कोट घालून मला उभं राहता येणार नाही."

सुनावणी निजामाच्या काळातल्या त्या उंच छताच्या कचेरीत झाली. सुधाकररावांना साध्या सदऱ्यात पाहून शिपाईसुद्धा गोंधळला. सरकारी वकील म्हणजे त्यांचाच जुना चेला. त्यानं खाली मान घालून सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणानं पोलिसांची मिसल, म्हणजे फाइल, दाखवता येणार नाही.

"नका दाखवू," सुधाकरराव म्हणाले. "मिसल गोपनीय असंल. बैल काही गोपनीय नसतात." आणि त्यांनी हळद, दोराचे करकोचे, कोरी शिंगं, सगळं एकापाठोपाठ सांगितलं. पेपरातला फोटो पुढे ठेवला. दंडाधिकारी तेलंगणातलाच माणूस होता. खांदशेकणी म्हटल्याबरोबर त्याचं पेन थांबलं. पोळ्याचा बैल त्यानंही लहानपणी पाहिला असणार.

मग सुधाकरराव म्हणाले, "एक गोष्ट कुणी विचारली नाही, पण लिहून घ्या. उद्धवरावाचं नाव पोलिसांत गेलं ते माझ्या भाषणामुळे. भाकरी देणारा शत्रू, असं मी बोललो होतो. बंदुकीपुढची भाकरी आणि मनाची भाकरी यातला फरक मी लोकांना सांगितला नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं."

फौजदार उठला. "साहब, ये सब कहानी है. जोता नहीं, तो बैल अपने आप जंगल में आए क्या? कौन लाया? नाम बोलो."

सुधाकररावांनी ओठ मिटले. दंडाधिकाऱ्यानं दोनदा विचारलं. ते गप्प. साक्ष तिथंच बुडत होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"म्या आनले."

बाबाराव उभा होता. आणि त्याच्या पुढच्याच बाकावर बसलेली द्वारकाबाई हळूहळू मागे वळली.

६

चौकशीचा अहवाल आम्हाला कधी वाचायला मिळाला नाही. तो गोपनीय. फौजदाराची बदली झाली, ती बढतीवर. ज्यांनी गोळी झाडली त्यांच्यातलं कोणी तुरुंगात गेलं नाही. हे लिहिताना आजही माझं रक्त तापतं, पण तापून काय उपयोग? एवढं मात्र झालं की कलेक्टर कचेरीतून द्वारकाबाईला एक ओळ आली. मयताचा कोणत्याही बंदी असलेल्या संघटनेशी संबंध आढळला नाही. त्या ओळीवर महिपतच्या नावापुढचा शेरा निघाला आणि त्याला हजर व्हायचा हुकूम आला. सुधाकररावांनी ती ओळ तिला वाचून दाखवली. "अजून एकदा वाचा," ती म्हणाली. त्यांनी परत वाचली, आणि तिथं मात्र ती रडली, इतके महिने साठलेलं सगळं.

महिपत निघायच्या आदल्या दिवशी बैल सुटून आले. पोळा होऊन किती महिने झाले होते, शेतात कापूस फुटला होता, आणि द्वारकाबाईनं घरी पुरण शिजवलं. महिपतनं बैल धुतले, शिंगं रंगवली. गावातले लोक कुंपणापाशी उभे राहून पाहत होते. कोणी हसलं नाही.

"त्यायनं आवतन देलं होतं ना," ती आम्हाला म्हणाली. "उद्या जेवाले या म्हनून. अन् हे बिचारे ठाण्यात उपाशी उभे राह्यले. आवतन देऊन कोनाले उपाशी ठेवू नये."

तिनं दोघांना आपल्या हातानं पुरणपोळी खाऊ घातली. सुधाकरराव माझ्या शेजारी मान खाली घालून उभे होते. पंधरा ऑगस्टला भाषण करायचं त्यांनी पुढे कायमचं सोडलं.

कुंपणाच्या पलीकडे, सगळ्यांच्या मागे बाबाराव होता. कचेरीत सगळं, भावाच्या शेवटच्या शब्दांसकट सांगितल्यापासून तो वहिनीच्या समोर आला नव्हता. महिपतनं त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. द्वारकाबाईनं हात धुतले, विहिरीवरची भरलेली बादली उचलली आणि सरळ कुंपणाकडे गेली. लोक बाजूला झाले.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी जू नाही ठेवलं, हे मी इसरनार नाही. बाकीचंबी इसरनार नाही."

बाबाराव खाली पाहत राहिला.

"ढवळ्याले पानी पाजाचं राह्यलं तुमचं. ते सांगून गेले होते ना?"

तिनं बादली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि घरात गेली. बाबारावानं ती दोन्ही हातांनी उचलून ढवळ्यापुढे नेली. ढवळ्यानं त्याचा हात हुंगला आणि मान खाली घालून पाणी प्यायला लागला.